बागेखालची विहीर

नव्या शहरासाठी गोजराबाईचं शेत सरकारने घेतलं तेव्हा ती रडली नव्हती. सगळ्या गावाचंच गेलं होतं. पण शेतातली विहीर बुजवायला डंपर आले, तेव्हा तिने ड्रायव्हरला दगड मारला होता. सासऱ्याने खणलेली विहीर ती. पावणे गावाच्या बाजूला एवढं गोडं पाणी दुसरीकडे नव्हतं. तिच्यात विटा-सिमेंटचे तुकडे ओतले, वर माती टाकली आणि नव्या सेक्टरसाठी बाग केली.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात पाणीकपात जाहीर झाली. सेक्टरमधल्या इमारतींना टँकर तरी यायचे. गावच्या नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार. आणि बागेच्या हिरवळीवर मात्र रोज सकाळी पाइप सोडलेला!

सुनेला, सोनलला घेऊन गोजराबाई पाण्याच्या ऑफिसात गेली.

साहेब म्हणाले, "बाग आमच्याकडे येत नाही, बाई. ते खातं वेगळं. तुम्ही पाणी जपून वापरा."

"काय जपू? हंड्यात पानी तरी हाय का?"

साहेबांनी पंखा वाढवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन बागेत शिरली आणि हिरवळीवर घाव घातला. वॉचमन शहाजी धावत आला.

"मावशी, लॉन आहे ते!"

"तुजा लॉन माज्या हिरीवर हाय. बाजूला हो!"

सोनल घमेलं घेऊन आली, पाठोपाठ गावातल्या बायका. दुपारी पोलीस आले. "सरकारी मालमत्तेचं नुकसान होतंय," फौजदार ओरडला.

"आनि माजी हीर बुजवली, ती कोनाची मालमत्ता?"

तिला चौकीत बसवून संध्याकाळी सोडलं. सकाळी ती पुन्हा खड्ड्यात उतरली. या वेळी गावातले पुरुषही आले. शेवटी वरून विहीर मोकळी करायचा हुकूम आला आणि राडारोडा काढायला मशीन लागलं.

पाणी लागलं, पण त्याला सिमेंटचा वास होता. धुण्याभांड्यापुरतंच ते कामाला आलं. प्यायला नळाचीच वाट बघायची.

तरी विहिरीचं उद्घाटन झालं. मांडव घातला, भाषणं झाली. सत्काराला गोजराबाईचं नाव पुकारलं. ती वर गेली आणि पुढे केलेली शाल तिने हाताने बाजूला सारली.

"शाल नको. माजं गोडं पानी कोनी नासवलं, त्याचं नाव सांगा."

माइकवाल्याने घाईघाईने गाणं लावलं. गोजराबाई मांडवातून चालत बाहेर पडली. सोनल मागून हाका मारत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.