०.५ कुणी ठरवलं?

मी मूळची संशयी. शनिवार पेठेत दूधवाल्याच्या मापावर डोळा ठेवणाऱ्या घरात वाढले, दुसरं काय होणार!

प्रयोगशाळेत माझं काम संगणकावरचं. रक्ताच्या नमुन्यात जनुकातला बदल सापडला की आमचा प्रोग्राम त्याला शून्य ते एकच्या मधला एक आकडा देई. ०.५ च्या वर गेला की अहवालावर ‘धोका आहे’, खाली राहिला की ‘धोका नाही’. हे ०.५ कुणी ठरवलं, असं मी सगळ्यांना विचारत सुटले. कुणीच ठरवलं नव्हतं. प्रोग्राम आला तेव्हापासून ते तसंच होतं. मी हादरलेच.

त्याच आठवड्यात विश्रांतवाडीच्या एक शिक्षिका अहवालाची चौकशी करायला आल्या. त्यांची अम्मी आणि खाला, म्हणजे मावशी, दोघीही स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या. त्यांचा आकडा होता ०.४६. म्हणजे ‘धोका नाही’. मला ते काही केल्या पटेना. मी गुपचूप ती ०.५ ची रेघ ०.४ वर आणली.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना दुसऱ्याच दिवशी कळलं. “रेघ खाली आणलीत, छान. आणताना कुणाचा आकडा समोर होता?”

मी शिक्षिकांचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला.

“जगावर संशय घेता ना? मग थोडा स्वतःवरही घ्या.”

शरमेनं मान खाली गेली. मग आम्ही जुने नमुने काढले, ज्यांचं पुढे काय झालं ते ठाऊक होतं असे. रेघ कुठे ठेवली की किती आजारी बायका निसटतात आणि किती धडधाकट बायकांना उगीच घोर लागतो, ते मोजलं. निसटणं जास्त वाईट, हे आधीच ठरवून ठेवलं होतं. रेघ खाली आली, पण ०.४७ वर थांबली. मी तीनदा मोजून पाहिलं.

शिक्षिका अहवाल घ्यायला आल्या. ‘धोका नाही’ वाचून त्यांचे डोळे भरून आले.

“म्हणजे आता दरवर्षीची ती स्तनांची तपासणी बंद केली तरी चालेल ना?”

“नाही, बंद करू नका. हा आकडा एका बदलापुरता आहे. तुमच्या अम्मीबद्दल, खालाबद्दल त्याला काही माहीत नाही. डॉक्टरांना दोन्ही सांगा.”

त्यांनी डोळे पुसले, कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे संशयानं बघितलं.

“मग यावर ‘धोका नाही’ असं कुणी लिहिलं?”

“मी,” मी सांगितलं.