सुईचा अर्धा फेरा

मोकाशींच्या गाडीची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेलच. बारशाला, साखरपुड्याला, सेवानिवृत्तीच्या जेवणाला — जिथे चार माणसं जमली तिथे मी ती सांगितली आहे. आवाज काढून, हातवारे करून, शेवटी हशा वसूल करून. पण त्यातला अर्धा फेरा मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही. बायकोला नाही. देवालाही नाही — अर्थात तो त्या दिवशी मैदानावर हजर असणार, त्याला वेगळं काय सांगायचं?

जरा दमानं घ्या हं. मी थोडा वळसा घालून येणार आहे. स्वतःच्या लबाडीपाशी कुणी सरळ चालत जातं का?

रंगीत टीव्ही नुकते घरोघर येऊ लागले होते. मी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो, आणि स्टाफ कॉलनीचा कायमचा निवेदक. संगीत खुर्ची असो की हळदीकुंकू, माइक माझ्या हातात. शेजारच्या बिल्डिंगमध्ये मोकाशी राहायचे, मेंटेनन्सचे इंजिनियर. त्यांच्या भावाने जर्मनीहून येताना त्यांना रिमोटवर चालणारी एक मोटार आणली. हातभर लांब, पिवळी. पण खेळणं नव्हे — तिला लिंबाएवढं खरंखुरं इंजिन होतं! कुणाची तरी वापरलेली होती, त्यामुळे सोबत माहितीपुस्तक वगैरे काही नाही.

आता हे इंजिन चालतं कशावर? प्लगला वायर दिसेना, तेव्हा मोकाशी म्हणाले, डिझेल. मी म्हणालो, रॉकेल. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गप्प बसणं मला तेव्हाही जमत नसे. तेवढ्यात सुमतीवहिनी, मोकाशींची पत्नी, हात पुसत बाहेर आल्या. रिकाम्या टाकीचं झाकण उघडून त्यांनी वास घेतला.

"एरंडेल," त्या म्हणाल्या.

आम्ही खो खो हसलो.

"आणि मिथेनॉल. स्पिरिटचा भाऊ."

मग आमचं हसू थांबलं. वहिनी रसायनशास्त्राच्या पदवीधर होत्या, हे कॉलनीत कुणाच्या लक्षातही नव्हतं.

त्या इंजिनाची गंमत तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. त्याला ठिणगी लागत नाही. प्लगच्या आत केसासारखी तार असते. ती सुरुवातीला सेल लावून लाल करायची. इंजिन एकदा धरलं की ती आपल्या आपण लाल राहते. कार्ब्युरेटरवर एक सुई असते, स्क्रूसारखी फिरणारी. सोडली की इंधन जास्त, आवळली की कमी. आणि खरी मेख ही, की वंगणाचं तेल त्या इंधनातच मिसळलेलं असतं. म्हणजे सुई आवळली की गाडी सुसाट पळते, आवाज असा चढतो की अंगावर काटा येतो — आणि इंजिन आतून कोरडं पडू लागतं. सगळ्यात गोड गातं ते मरायच्या आधी.

हे मला वहिनींनीच शिकवलं. रविवारी आम्ही पळसदरीच्या धरणाकडे जायचो, तिथल्या रस्त्यावर गाडी पळवायला. गाडीमागे निळसर धुराची शेपटी दिसायची. वहिनी गाडीकडे बघतच नसत, शेपटीकडे बघत. "भाऊजी, धूर दिसतोय तोवर आत तेल आहे. धूर गेला की गाडी गेली."

एकदा तिथला एक म्हातारा काठी आपटत आला. "ओ सायब, केवडं बोंबलतंय हे! माजी म्हैस आज दूद द्यायची नाय."

मी म्हणालो, "तिला सांगा, पाहुणे आलेत."

"पावनं हायेत म्हनूनच देत नाय ती!"

वहिनी रस्त्यावर बसून हसल्या होत्या. घरी आलं की टाकी पूर्ण रिकामी करायच्या, कारण हे इंधन हवेतली ओल ओढतं आणि बेअरिंगला गंज चढवतं. प्लगच्या भोकातून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून इंजिन फिरवायच्या. मग जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायच्या. मोकाशी गाडी चालवायचे, वहिनी ती सांभाळायच्या.

भावाने मागाहून पाठवलेला इंधनाचा डबा दिवाळीपर्यंत संपला. त्यात नायट्रो नावाचं आणखी एक द्रव्य होतं, ते कुठे मिळेना. वहिनी म्हणाल्या, त्याच्यावाचून गाडी जरा आळशी होईल, पण चालेल. सव्वीस जानेवारीला कॉलनीच्या मैदानावर गाडी पळवून दाखवायचं ठरलं, तेव्हा पनवेलच्या केमिकलवाल्याकडून मिथेनॉल आणलं, एरंडेल आणलं, काचेच्या नळीने मोजून मोजून मिश्रण केलं. कॉलनीतच राहणारे, कारखान्याच्या प्रयोगशाळेचे मुख्य केमिस्ट एकदा ते काम बघत उभे राहिले. जाताना म्हणाले, "आमच्याकडे एक जागा निघतेय. अर्ज करा तुम्ही."

वहिनींनी ते मला जिन्यात गाठून सांगितलं. "एवढ्यात कुठे बोलू नका हं, भाऊजी. प्रजासत्ताक दिन झाला की अर्ज देते." त्यांचा तो चेहरा — लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपलं शिक्षण पेटीतून बाहेर काढणाऱ्या बाईचा चेहरा — तो मला आजही दिसतो. तो आठवला की पुढचं सांगणं अवघड होतं. पण आता निघालोच आहे, तर थांबत नाही.

सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, लेझीम झालं, आणि मी माइकवरून गाडीची अशी काही घोषणा केली की विमानच उतरणार असं लोकांना वाटावं. पुढच्या खुर्च्यांवर साहेब मंडळी, त्यातच ते केमिस्ट. मोकाशींच्या हातात रिमोट. वहिनी गुडघ्यावर बसून सुई लावत होत्या. गाडी सुटली, एक चक्कर मारून आली. छान धूर, बेताचा आवाज. टाळ्या पडल्या — पण बेताच्याच.

बेताच्या टाळ्या मला कधी सोसल्यात?

गाडी थांबली तसा मी माइक घेऊन तिथे गेलो आणि वहिनींच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर नाटकीपणाने काढून घेतला. "आता बघा, मंडळी!" वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तिथेच राहू दे." मी सुई पाव फेरा आवळली. इंजिन किंचाळलं. लोक उभे राहिले. मी आणखी पाव फेरा आवळली. कसली पळाली म्हणता! गाडीमागे बघितलं, तर धुराची शेपटी नव्हती. वहिनी ओरडल्या, "धूर कुठाय?" मी ऐकलं. मला कळलं. मी माइकवर मोठ्याने बोलत राहिलो.

मैदानाच्या कोपऱ्यात गाडी कट्ट करून थांबली. पिस्टन आत अडकून बसला होता, त्याचा दांडा तुटला होता.

आणि आता ते. सगळ्यात आधी मी पळालो. गाडीवर वाकलो, सगळ्यांकडे पाठ केली, आणि सुई अर्धा फेरा उलटी फिरवून होती तिथे नेऊन ठेवली. बोट चांगलं भाजलं. ते मी खिशात घातलं.

मोकाशी आले. इंजिनियर माणूस, त्यांनी सुई फेरे मोजत बंद करून पाहिली. "सुई जागेवरच आहे, म्हणजे यांनी नुसतं नाटकच केलं," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "सुमती, तेल कमी घातलंस?"

"नाही हो. मोजलं होतं बरोबर."

"त्या डब्यावर एवढे महिने चालली. घरच्यावर आजच —"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नव्हे, शपथेवर सांगतो. मी काहीतरी बोलेन, या आशेने. आणि मी बोललो की! माइक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "मंडळी, घाबरू नका — वहिनींची फोडणी करपली!"

मैदान हसून लोळलं. केमिस्टही हसले. एवढा हशा मला आयुष्यात त्याआधी मिळाला नव्हता.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी चहाला गेलो. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. काचेच्या नळीत पाणी भरायच्या, डोळ्यासमोर धरायच्या, ओतायच्या, पुन्हा भरायच्या. आपली चूक शोधत होत्या. नसलेली चूक कशी सापडणार? मी चहा प्यालो. बशीत सांडलेलाही प्यालो. अर्जाचं विचारलं, तर म्हणाल्या, "ज्याला घरचं तेल मोजता येत नाही, भाऊजी, त्याने कारखान्याचं अ‍ॅसिड मोजू नये." अर्ज त्यांनी दिलाच नाही. पुढे नवं इंजिन आलं, त्यालाही हात लावला नाही.

मी मात्र गोष्ट सांगत सुटलो. वहिनींच्या देखतसुद्धा. मी गाडी लाल म्हणालो तर त्या मधेच "पिवळी, पिवळी!" म्हणायच्या, आणि फोडणीचं वाक्य माझ्याबरोबर म्हणून हसायच्या. त्या हसतायत म्हणजे मिटलं, असं मी धरून चाललो. सोयीचं होतं.

मोकाशी आता नाहीत. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाने खालापूरला घर बांधलं, वास्तुशांतीला मी गेलो. कुणीतरी म्हणालं, गाडीची गोष्ट होऊन जाऊ दे. मी माइक घेऊन उठलो, घसा खाकरला. पुढे बसलेल्या वहिनी नव्या सुनेला म्हणाल्या, "ऐक हं, सासूचं मोजमाप कसं चुकलं होतं ते."

मी घसा बसल्याचं सांगून खाली बसलो. कार्यक्रमात माइक परत देण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

इथवर लिहून झालं. खरं सांगू? अंगावरून पोतं उतरल्यासारखं हलकं वाटतंय. इतकं, की मघाशी एकटाच हसलो. हलकं वाटून घ्यायचा मला हक्क आहे का, हा निराळा प्रश्न; त्याचं उत्तर मी देणार नाही. हे पान छापायला जाण्याआधी खालापूरला जाईन आणि वहिनींना बसून वाचून दाखवीन. आवाज न काढता, हातवारे न करता. मग त्या काय म्हणतील ते म्हणतील.

वहिनी, त्या दिवशी तेल बरोबर होतं. मिथेनॉल बरोबर होतं. तुमचं मोजमाप चुकलंच नव्हतं. इंजिन मी जाळलं.