चिकटवलेली मिशी

पत्रकं काढायला पिशवीत हात घातला आणि मिशी चिकटवायच्या गोंदाचा वास आला. आमच्या भागातलं नाट्यगृह दुरुस्तीच्या नावाखाली बंद पाडलं, तेव्हा आम्ही गेटसमोर सभा घेतली होती. ज्यांचं घर त्या रंगमंचावर चालायचं, त्या म्हाताऱ्या नटाला मी बोलायला बोलावलं. ते मुलुंडहून बसने, भर उन्हात, नकली मिशी लावून आले. "काका, हे कशाला?" "मिशीशिवाय मला कोण ओळखतं गं?" कुलूपबंद गेटला हात लावून त्यांनी नमस्कार केला आणि माझं पत्रक असं वाचलं की रस्ता थांबला. पालिकेच्या ज्या साहेबाला जाब विचारायचा होता, तोच आधी टाळ्या वाजवायला लागला. "काय आवाज आहे! एक सेल्फी होऊन जाऊ दे." आणि काका चक्क वाकले. साहेब गाडीत बसून गेला, गर्दी पांगली. मी भडकले, "वाकलात कशाला? भांडायचं होतं ना!" "टाळ्या पडल्या की पाठ वाकतेच गं, काय करू?" घामाने सुटलेली मिशी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "उघडलं की आणून दे." गेट अजून बंदच आहे, आणि त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो, "मिशी जपलीयस ना?"