रुजू झाल्यावरचा पेढा

कुणी नोकरीचे पेढे वाटले की मला परभणीच्या शिक्षण कचेरीतले शिपाईमामा आठवतात. हातात सदा दौत पुसायचं फडकं. अर्ज घेऊन बाई आली की पहिला सवाल, "लगीन झालंय का?" मलाही तेच विचारलं, तेव्हा मला रागच आला. यांना काय करायचंय?

मी गावातल्याच एका खासगी शाळेसाठी अर्ज आणला होता. दौत पुसत मामा म्हणाले, "तितं दिवस गेले की बाईला घरी बसवतेत. पालमची सरकारी शाळा मागा. लय लांब हाय, पण बाळंतपणाची रुखसत, म्हंजी रजा, पगारी हाय, अन् जागा राखून ठेवतेत."

चरफडत मी अर्ज बदलला. नेमणूक झाल्यावर पेढे दिले, तर म्हणाले, "आत्ता न्हाई. बाळंतपणाहून रुजू झाल्यावर आणा."

दोन वर्षांनी तशी रुजू झाले आणि पहिल्या सुट्टीला मोटारीनं पेढे घेऊन परभणीला गेले. साऱ्या कचेरीनं विचारलं, मुलगा की मुलगी? मामांनी विचारलं, "बाई, जागा तुमची तुमालाच दिली ना?"

मी हो म्हटलं. तेव्हा कुठं त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि पेढ्यासाठी हात पुढं केला.