बोटांना हळद

रखमाच्या घरात रिकामा हात दिसला की त्याच्यापुढे कोळंबीची टोपली सरकायची, मग तो हात पाहुण्याचा का असेना. ब्याऐंशीच्या संपात नवरा दत्तू डिलाईल रोडच्या मिलमधून घरी आला, तो पुन्हा खात्यात गेलाच नाही. नव्या नवरीनं डोक्यावर मासळीची पाटी घेतली आणि लालबागच्या चाळींचे जिने चढत संसार ओढला. लेक मंजुळानं पाढेसुद्धा कोळंबी सोलतच पाठ केले.

आता तीच मंजुळा नॉर्वेला निघाली होती, मासळी टिकवायचं शास्त्र शिकायला.

"मासळी शिकायला विमानानं कशाला गो?" शेजारची पुतळाबाई म्हणाली. "माझ्या बाजूला बस, फुकटात शिकवते."

"तुझ्या बाजूला बसून ती नुसती भांडायला शिकेल," रखमा म्हणाली.

पण घोडं अडलं भलतीकडेच. तिथं राहून शिकायच्या परवान्यासाठी दहा बोटांचे ठसे हवे होते, आणि कोळंबी सोलून सोलून मंजुळाची बोटं अशी गुळगुळीत झालेली, की कचेरीतल्या यंत्राला ती दिसेचनात. तिथल्या बाई म्हणाल्या, "हातांना आराम द्या, महिन्यानं या. तेव्हाही नाही उठले, तर कॉलेज सुरू व्हायच्या आत परवाना मिळणं कठीण."

मंजुळानं घरी सांगितलं, तेव्हा रखमाचा हात टोपलीतच थांबला.

"म्हणजे माझ्या टोपलीनंच तुझी वाट अडवली?"

"तसं नाय गो आये."

"तसंच हाय." तिनं लेकीपुढची टोपली ओढून घेतली. "आजपासून तू हळदीची नवरी. कशाला हात लावायचा नाय."

हळद लागलेल्या पोरीला काम सांगायचं नाही, तिच्या वाटणीचं गल्लीतल्या बायांनी उचलायचं, ही कोळीवाड्यातली त्यांच्या गल्लीची रीत. दुसऱ्याच दिवशी पुतळाबाई चौघींना घेऊन हजर.

"नवरा कोण गो?"

"नवरा नाय, यंत्र आहे," बोटांना खोबरेल चोळत मंजुळा म्हणाली. "त्याला माझे हात पसंत पडायला हवेत."

"आणि मानपान काय मागतो?"

"दहा बोटं."

"मेला लोभी दिसतो," म्हणत पुतळाबाई सोलायला बसली.

भांडी दत्तूच्या वाट्याला आली. "संपातसुद्धा एवढं काम नव्हतं," तो कुरकुरला.

"तेव्हाच लावलं असतं, तर आज हात बसला असता," रखमा म्हणाली.

महिन्यानं मंजुळा कचेरीत गेली. रखमाला आत सोडलं नाही, म्हणून ती फुटपाथवर, पाटी नसलेल्या डोक्यानं, अवघडून उभी. मंजुळा दोन्ही पंजे वर करून बाहेर आली.

"नऊ पटकन उठली. अंगठ्यानं जरा भाव खाल्ला."

रखमानं तो अंगठा धरला आणि आपला अंगठा त्यावरून फिरवून पाहिला. लेकीचा खरखरीत लागत होता. स्वतःचा तिनं पदराआड नेला.

यथावकाश परवाना आला. पुतळाबाईनं लगेच टोपली मंजुळापुढे सरकवली. "घे गो बाय, आमची ड्युटी संपली."

मंजुळानं टोपलीत हात घातला, पण तिला आठवलं. "आये, तिथं उतरल्यावर परवान्याच्या कार्डासाठी परत ठसे घेतात म्हणे."

रखमानं टोपली उचलून पुन्हा पुतळाबाईच्या मांडीशी ठेवली.

"लग्न लागलं, वरात बाकी आहे. सोल."