चाळीस मीटर जास्तीची गर्ता

समुद्राच्या तळाशी असलेल्या खोल गर्तांची मापं घेणं, ही माझी नोकरी. मुलुंडमध्ये याचा नेमका अर्थ कुणाला कळत नाही, त्यामुळे सोसायटीत मी 'बोटीवरची' म्हणूनच ओळखली जाते. मागच्या मोहिमेत एका गर्तेची खोली आजवरच्या नोंदीपेक्षा चाळीस मीटर जास्त भरली. मला धीर कुठला? जहाजावरूनच बाबांना मेसेज केला. आयुष्यभर कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करणारा माणूस तो, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला पेढे वाटून मोकळा झाला.

दोन दिवसांनी आकडे पुन्हा तपासताना माझी चूक माझ्याच लक्षात आली. जहाजावरून आवाज खाली सोडायचा, प्रतिध्वनी किती वेळानं येतो ते बघायचं आणि त्यावरून खोली काढायची, असं हे काम. पण पाणी जितकं गरम तितका आवाज त्यात वेगानं पळतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी पाण्याचं तापमान नव्यानं घ्यावं लागतं. मी शहाणीनं आधीच्या, गरम पाण्याच्या जागेचाच तक्ता लावून ठेवला होता. तो बदलल्यावर जास्तीचे चाळीस मीटर गेले. मोहिमेच्या प्रमुखांना जाऊन सांगितलं, बोलणी खाल्ली. बाबांना सांगायचं मात्र राहून गेलं. राहून कसलं, माझी हिंमतच झाली नाही.

घरी आले तर सोसायटीची सत्यनारायणाची पूजा, आणि फळ्यावर माझ्या सत्काराची सूचना! बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. सेक्रेटरींनी शाल उलगडली. ही शाल अंगावर घेतली तर बाबांच्या नजरेला नजर कशी देणार? मी माईक ओढला आणि सगळं सांगून टाकलं.

सेक्रेटरी शाल धरून तसेच उभे. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पेढे फुकट गेले ना यार!" लोक हसले, बाबा नाही. ते उठले. चिडले किंवा खूश झाले की ते मालवणीत शिरतात, आणि यातलं नेमकं काय झालंय ते मला कळेना.

"चूक कोणी पकडल्यान?"

"मीच."

"दुसऱ्यान कोणी सांगूच्या आधी?"

"हो."

बाबा सेक्रेटरींकडे वळले. "मगे बघतास काय? घाला तिका शाल!"