आरशातले आबा

आबांना मी अकरा वर्षं बहुतेक वेळा आरशातच पाहिलं. मागच्या काचेत एक पांढरी टोपी, वाकलेली मान आणि डिकीवर टेकलेले दोन रुंद पंजे. चेहरा दिसायचा तो गाडी सुरू होऊन मी पुढे निघून गेल्यावर, आणि तोही लहान लहान होत जाणारा.

गाडी माझी. काळी, गोल दिव्यांची, माझ्याहून वयाने मोठी. एक्कावन्नाव्या वर्षी अंबडच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि शहाणी माणसं प्लॉट वगैरे घेतात तेव्हा मी ही घेतली. तिला शोभावी म्हणून चौकड्यांची टोपी घेतली, कातडी हातमोजे घेतले. ती सुरू कशी करायची, एवढं शिकायचं तेवढं राहून गेलं. सेल्फ मारला की ती दोनदा खाकरायची आणि गप्प व्हायची.

आबांचा मळा मखमलाबाद रोडला, आमच्या घराला लागूनच. शेवंती, झेंडू, बांधाकडेला मेथी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक दिंडोरीला दिलेली. फुलं बाजारात घालून ते सकाळी सात वाजता सायकलवर परत यायचे. नेमका तेव्हाच मी बॉनेट उघडून, त्यातलं काही कळत असल्यासारखा, गेटबाहेर उभा. पहिल्या दिवशी त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "साहेब, तिथं बघून काय उपेग? आत बसा. मी बघतो मागून."

तेव्हापासून तो रिवाजच झाला. मी दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून, हातमोजे घालून बसायचो. आबा ढकलायचे. गाडीला वेग आला की मागून आरोळी यायची, "सोडाऽऽ!" मी क्लच सोडायचो, गाडी एक हिसका द्यायची आणि धडधडायला लागायची. एकदा माझ्या अकलेने आरोळीच्या आधीच क्लच सोडला. गाडी जागच्या जागी थांबली आणि आबांची हनुवटी डिकीवर आपटली. हनुवटी चोळत ते म्हणाले, "साहेब, तुम्ही निस्तं बसा. डोकं चालवू नका, गाडी चालवा." आमची ही म्हणायची, "गाडी तुमच्या नावावर आहे एवढंच. चालवतात आबा."

आबा बरोबर नसले की माझे हाल विचारू नका. जुन्या गाड्यांच्या क्लबाबरोबर येवल्याला गेलो, तेव्हा बाकीचे पैठणीचे माग बघत हिंडले, आणि मी तीन तास इंजिन चालू ठेवून गाडीत बसून राहिलो. बंद केली असती तर तिथेच मुक्काम होता. "गाडीला एकटं सोडवत नाही हो," असं मी सगळ्यांना सांगितलं. लोकांना माझ्या प्रेमाचं कौतुक वाटलं.

बक्षिसाची गोष्ट तर मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. क्लबाचं प्रदर्शन होतं, आबा मागून सायकलवर आले होते. एकेक गाडी परीक्षकांसमोरून न्यायची होती. माझी मांडवामागेच बंद पडली. सुरू करायला वेळ नव्हता, म्हणून आबांनी ती तशीच, खाली वाकून, कुणाला दिसणार नाही असं बघत ढकलत नेली. परीक्षक कान देऊन ऐकत होते. "या वयात इतकं शांत इंजिन आम्ही पाहिलं नाही," असं म्हणत त्यांनी मला ढाल दिली. मी ती घेतलीही, वर निगा कशी राखावी यावर चार शब्द बोललो. आबा मांडवामागे घाम पुसत होते. म्हणाले, "इंजिन शांत राह्यलं साहेब, पण धाप दाबून धरता धरता माझा जीव गेला व्हता."

या सगळ्यात आबा कधी गाडीत बसले नाहीत. धक्क्याने सुरू झालेली गाडी इंजिन तापायच्या आत थांबवली की बंद पडायची, म्हणून मी काचेतून हात हलवून निघून जायचो. "एकदा बसा हो आबा," असं मी म्हणायचो. ते म्हणायचे, "मी बसलो तर ढकलील कोण?" दोघंही हसायचो आणि विषय संपायचा.

गेल्या वर्षी आबांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी वजन उचलायचं, ढकलायचं सगळं बंद केलं. मळा वाट्याने दिला आणि लेक त्यांना दिंडोरीला न्यायला निघाली. मी तिला फोनवर म्हणालो, "मी आणून सोडतो." निदान एकदा तरी त्यांना गाडीत बसवायचं, आणि बसवून ती बंद पडू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. गाडी गल्लीतल्या पोरांकडून ढकलून घेतली आणि सातपूरच्या एका मिस्तरीकडे नेली. त्याने सेल्फ काढला, आतलं काहीतरी बदललं आणि परत बसवला. "तासाभराचं काम होतं," तो म्हणाला, "इतके दिवस कशाला थांबलात?"

आबा काठी टेकत आले आणि सवयीने गाडीच्या मागे गेले. मी त्यांना हाताला धरून पुढे बसवलं. चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, मी त्यांच्याबद्दल बडबडत राहिलो. आबा पुढे झुकून, डॅशबोर्डवर पंजे टेकवून बसले होते. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

लेकीच्या अंगणात गाडी उभी केली, तेव्हा मला राहवलं नाही. "आबा, तासाभराचं काम होतं. अकरा वर्षं मी तुम्हाला फुकट राबवलं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मला ठावं हाय," आबा म्हणाले. "पहिल्याच साली आमच्या पंपाच्या मिस्तरीनं सांगितलं व्हतं, सेल्फ दुरुस्त व्हईल म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

आबा दाराची कडी चाचपत होते. ती आतून कशी उघडते, हे त्यांना माहीत नव्हतं.

"बाजारातून आलो की गेटवर तुम्ही थांबलेले असायचे," ते म्हणाले. "सकाळी माझी वाट बघणारं दुसरं कोण व्हतं, साहेब?"

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि पलीकडे जाऊन त्यांचं दार उघडलं. लेकीने आत दोन पानं वाढली होती.